उघड्या पाण्यात पोहताना फुप्फुसात पाणी भरलं, हे ओळखायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्रात, खाडीत, नदीत किंवा धरणाच्या पाण्यात लांब पल्ला पोहणाऱ्यांसाठी, त्यांच्या कोचसाठी आणि स्पर्धेच्या दिवशी किनाऱ्यावर वैद्यकीय टेबल सांभाळणाऱ्यांसाठी ही माहिती आहे. ही वाचून कुणी स्वतःचं निदान करू नये. पण आपल्याला काय झालं असेल याची शंका यावी, एवढं वाचून नक्की साधेल. या आजारात निम्मी लढाई शंका येण्याचीच असते.

हा नेमका काय प्रकार आहे?

पोहत असतानाच फुप्फुसातल्या केशवाहिन्यांमधून द्रव पाझरतो आणि वायुकोशांत उतरतो. हे पाणी नाकातोंडातून आत गेलेलं नसतं, आपल्याच रक्तातून आलेलं असतं. इंग्रजी नाव आहे स्विमिंग इन्ड्यूस्ड पल्मनरी इडीमा. लांबलचक आहे, म्हणून सगळे 'साइप' म्हणतात, आपणही तेच म्हणू.

छातीत पाणी झालं म्हणतात, तेच का हे?

नाही. एरवी घरोघरी ज्याला छातीत पाणी होणं म्हणतात त्यात फुप्फुसाच्या बाहेर, दोन आवरणांच्या मधल्या जागेत पाणी साठतं. टीबीत किंवा कॅन्सरमध्ये होतं ते. सुई टोचून ते काढता येतं. साइपमधला द्रव फुप्फुसाच्या आत, हवा असायला हवी तिथे असतो. तो सुईने निघत नाही, शरीरच तो परत शोषून घेतं. हा फरक नातेवाइकांना आधीच सांगावा, नाहीतर 'पाणी कधी काढणार?' हा प्रश्न दर तासाला येतो.

धडधाकट माणसाला असं का होतं?

पाण्यात उतरलं की पाण्याचा दाब पायांतलं आणि पोटातलं रक्त छातीकडे ढकलतो. पाणी थंड असेल तर हातापायांच्या कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आणखी रक्त आत येतं. त्यावर जोर लावून पोहणं, म्हणजे हृदय आधीच जोरात पंप करतंय. परिणामी फुप्फुसातल्या केशवाहिन्यांतला दाब वाढतो. त्यांच्या भिंती अतिशय पातळ असतात, कारण त्यांतून ऑक्सिजन आरपार जायचा असतो. दाब हद्दीबाहेर गेला की द्रव पाझरतो, आणि भिंतीला बारीक चिरा पडल्या तर रक्तपेशीही बाहेर येतात. खोकल्यातला गुलाबी फेस तिथून येतो.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात रिचर्ड मून यांच्या गटाने हे मोजूनच दाखवलं. ज्यांना आधी साइप झाला होता अशांना थंड पाण्यात बुडवून व्यायाम करायला लावला, तेव्हा त्यांच्या फुप्फुसाच्या धमनीतला दाब इतरांपेक्षा जास्त चढला. हे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे पोहण्याचा दमखम कमी पडला, सराव कमी होता, असं हे प्रकरण नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही होतं.

पाण्यात असताना कळतं का?

कळतं, पण बहुतेक जण स्वतःला दुसरंच काहीतरी समजावत राहतात. नेहमीच्या वेगाला नेहमीपेक्षा जास्त धाप लागते. दर दोन हातांना श्वास घ्यावासा वाटतो. मग खोकला येतो, आणि तो थांबत नाही. घशात काहीतरी खुळखुळतंय असं वाटतं. छाती आवळल्यासारखी होते. बाहेर आल्यावर फेसकट थुंकी, कधी खारट-लोखंडी चव, कधी गुलाबी झाक. काहींना छातीतली घरघर स्वतःलाच ऐकू येते.

पाणी गिळलं असेल, ठसका लागला असेल. तसंही होतंच की!

होतं. म्हणूनच फसगत होते. पाणी श्वासनलिकेत गेलं असेल तर तो क्षण आठवतो: लाट तोंडावर आली, शेजाऱ्याचा हात लागला, ठसका बसला, मग खोकला. साइपमध्ये असा क्षण सापडत नाही. सगळं व्यवस्थित चाललेलं असतं आणि दम हळूहळू चढत जातो, थांबलं तरी पटकन उतरत नाही. 'ठसका नक्की कधी लागला?' हा एक प्रश्न विचारावा. उत्तर गुळमुळीत आलं, तर पुढची तपासणी करावी.

पाण्यात उतरल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांत लागणारी धाप मात्र वेगळी असते. तो थंड पाण्याचा झटका, शांत तरंगत राहिलं की बसतो. घाबरल्यामुळेही धाप लागते, पण घाबरून ऑक्सिजन खाली येत नाही आणि थुंकी गुलाबी होत नाही. किनाऱ्यावर मात्र 'घाबरलीये, बसव तिला' हे वाक्य फार लवकर येतं, विशेषतः समोर बाई असेल तर. आणि पुढे दिसेल की साइप सापडतो तो बायकांमध्येच जास्त.

याचा अभ्यास कुठे झाला आहे?

सगळ्यात पद्धतशीर काम स्वीडनमध्ये झालं आहे. डालार्ना प्रांतातल्या वान्सब्रो गावी दर जुलैत वान्सब्रोसिमनिंगेन ही पोहण्याची स्पर्धा भरते, १९५० पासून. मुख्य अंतर ३००० मीटर. पहिले दोन किलोमीटर वानोन नदीत प्रवाहाबरोबर, शेवटचा एक किलोमीटर व्हेस्टरडालएल्वेन नदीत प्रवाहाविरुद्ध. दमायला लागल्यावर प्रवाह उलटा येतो, ही योजना पोहणाऱ्यांसाठी वाईट आणि संशोधकांसाठी सोयीची. हजारो लोक उतरतात, त्यात हौशी, मध्यमवयीन, वर्षातून एकदा लांब पोहणारे भरपूर. शेवटाला तंबूत डॉक्टर, ऑक्सिमीटर, सोनोग्राफी मशीन, सगळं तयार.

मारिया होर्डस्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार वर्षांतल्या ४७,६०० पोहण्यांच्या नोंदी तपासल्या. साइपचं प्रमाण निघालं ०.४४ टक्के, म्हणजे हजारी चार-पाच. रुग्णांपैकी सुमारे ९० टक्के स्त्रिया होत्या. वयाबरोबर प्रमाण चढत गेलं: १८ ते ३० वयोगटात ०.०८ टक्के, साठी ओलांडलेल्यांत १.१ टक्के. दमा असणंही धोक्याच्या बाजूला दिसलं. आकडा लहान वाटेल, पण दोन हजार जण उतरणाऱ्या स्पर्धेच्या आयोजकाने हिशोब करून पाहावा.

हा आजार त्याआधीपासून माहीत आहे. ब्रिटिश हृदयरोगतज्ज्ञ पीटर विल्म्सहर्स्ट यांनी १९८९ मध्ये थंड पाण्यात पोहणाऱ्या आणि स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांमधल्या अशा केसेस मांडल्या. नंतर इस्रायलच्या लष्करी प्रशिक्षणार्थींमध्ये त्या मोठ्या संख्येने सापडल्या.

ओळखण्याची पहिली पायरी कोणती?

बोटाला ऑक्सिमीटर. कोविडनंतर तो घरोघरी आहे, तरी नीट लावणारे कमी. पाण्यातून आलेल्या माणसाचं बोट थंडगार, पांढरं पडलेलं असतं आणि त्यात रक्तच पुरेसं येत नाही. मशीन तरीही काहीतरी आकडा दाखवतं आणि आपण त्यावर विश्वास ठेवतो. आधी हात पुसा, टॉवेलमध्ये गुंडाळून किंवा स्वतःच्या तळहातात धरून ऊब द्या. नेलपॉलिश असेल तर दुसरं बोट बघा, किंवा कानाच्या पाळीला लागणारा क्लिप ठेवा. स्क्रीनवरची लहर सलग, एकसारखी दिसू लागली की मगच आकडा वाचा. पहिला आकडा लिहून ठेवा, दर पाच मिनिटांनी पुढचा.

समुद्रसपाटीवर निरोगी माणसाचा आकडा साधारण ९७-९८ असतो. पोहताना किंवा नंतर अचानक धाप किंवा न थांबणारा खोकला, आणि त्यासोबत ९५ किंवा कमी आकडा, हे दोन्ही जुळलं तर साइप धरून चालावं. वान्सब्रोच्या गटाने हाच निकष सोनोग्राफीशी ताडून पाहिला आणि तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

स्टेथोस्कोपने काय ऐकायचं?

पाठीकडून, खांद्याच्या हाडाखाली, दोन्ही बाजूंना. रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगा. कानाजवळ केसांची बट बोटांत चोळल्यावर येतो तसा बारीक चरचर आवाज श्वास आत घेताना आला, तर वायुकोशांत द्रव आहे. एकाच बाजूला असेल तर पाणी आत गेल्याचाही विचार करा. पण वारा, लाउडस्पीकर आणि शेजारी वाजणारा ढोल यांच्यात हे ऐकणं कठीण असतं. आवाज आला नाही म्हणून साइप नाही, असं म्हणू नये. वरच्या निकषात धाप किंवा खोकला हवाच, त्याच्या जोडीला ९५ चा आकडा किंवा हा आवाज, दोन्हींपैकी एक पुरे.

मग सोनोग्राफी कशाला?

लक्षणं आहेत, पण ऑक्सिजन ९६-९७ आणि छातीत आवाज नाही, अशा मधल्या रुग्णांसाठी. तिथे सोनोग्राफी निकाल देते.

फुप्फुसात तर हवा असते. तिथे सोनोग्राफी चालते का?

एके काळी डॉक्टरांनाही वाटायचं की चालत नाही, कारण हवेतून ध्वनिलहरी पुढे जातच नाहीत. पण निरोगी फुप्फुसावर प्रोब, म्हणजे मशीनचा अंगावर टेकवायचा भाग, ठेवला की लहरी आवरणावर आपटून परत येतात, पुन्हा जातात, पुन्हा येतात. पडद्यावर समान अंतरावर आडव्या रेषा दिसतात, त्यांना ए-रेषा म्हणतात. फुप्फुसात द्रव उतरला की चित्र पालटतं. आवरणापासून निघून थेट पडद्याच्या तळापर्यंत, न विरता, सरळ खाली जाणाऱ्या उजळ उभ्या रेषा येतात. या बी-रेषा. श्वासाबरोबर त्या डावी-उजवीकडे सरकतात आणि जिथून जातात तिथल्या आडव्या रेषा पुसतात. फ्रान्समधले अतिदक्षतातज्ज्ञ डॅनियल लिश्टेनश्टाइन यांनी १९९० च्या दशकात या रेषांचा अर्थ लावून दाखवला. आज आयसीयूत ही रोजची तपासणी झाली आहे.

किनाऱ्यावर ती कशी करतात?

रुग्णाला बसवूनच. वेटसूट (पोहताना उबेसाठी घालतात तो रबरी सूट) कमरेपर्यंत उतरवायचा, अंग पुसायचं, खांद्यावर ब्लँकेट टाकायचं आणि छातीचा जेवढा भाग लागेल तेवढाच उघडा ठेवायचा. बाईंसाठी आडोसा आणि सोबतीला बाई हवी. तंबू उभारतानाच याची सोय करा. पोटासाठी वापरतात तो वक्राकार प्रोब चालतो. तो बरगड्यांना काटकोनात, उभा धरायचा. दोन बरगड्यांच्या काळ्या सावल्यांच्या मधे जी उजळ आडवी रेघ हलताना दिसते ती फुप्फुसाचं आवरण. तिच्याखाली बघायचं.

दोन्ही बाजू मिळून आठ जागा: प्रत्येकीला पुढे वर, पुढे खाली, बगलेकडे वर, बगलेकडे खाली. एका जागी तीन किंवा जास्त बी-रेषा असतील तर ती जागा पॉझिटिव्ह धरायची. प्रत्येक बाजूला अशा दोन तरी जागा निघाल्या तर दोन्ही फुप्फुसांत द्रव पसरला आहे, असं २०१२ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. हात बसलेला असेल तर तीन-चार मिनिटांत उरकतं. क्लिप सेव्ह करून ठेवा, संध्याकाळी तुलना करायला लागते.

उभ्या रेषा दिसल्या म्हणजे साइप झालाच?

नाही, आणि नवख्या हातांची चूक इथेच होते. लांब ट्रायथलॉन पूर्ण केलेल्या, काहीही त्रास नसलेल्या खेळाडूंमध्येही बी-रेषा सापडल्या आहेत. न्यूमोनियात, कोविडनंतर उरलेल्या व्रणांत, छातीला मार लागल्यावरही त्या दिसतात. लक्षणं नसलेल्या माणसाला पडद्यावरच्या रेषांसाठी ऑक्सिजन लावून झोपवायचं कारण नाही. आधी माणसाची हकीकत, मग आकडा, मग रेषा, हा क्रम उलटला की गोंधळ होतो.

आपल्याकडे बीचवर सोनोग्राफी मशीन ठेवता येईल का?

इथे कायदा आडवा येतो. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते, मग तुम्ही त्याने छाती बघा की गुडघा. २०१२ च्या नियमदुरुस्तीने पोर्टेबल मशीनवर आणखी बंधन आलं: नोंदणी झालेल्या जागेतच, दाखल रुग्णांसाठी, किंवा इतरही वैद्यकीय सेवा देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणून. त्यामुळे ओळखीच्या डॉक्टरचं मशीन गाडीत टाकून मालवणला किंवा मिरामारला नेणं हा गुन्हा ठरू शकतो. आयोजकांनी आधीच जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्याकडे लेखी विचारणा करावी आणि उत्तर आल्याशिवाय मशीन हलवू नये.

मला विचाराल तर बहुतेक स्पर्धांना मशीनची गरज नाही. चार चांगले ऑक्सिमीटर, एक स्टेथोस्कोप, ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर आणि जवळच्या रुग्णालयाशी आधी झालेलं बोलणं, एवढ्यावर भागतं.

दोन दिवसांनी एक्स-रे काढला, नॉर्मल आला. म्हणजे काही नव्हतंच?

तसं म्हणता येत नाही. साइपमधला द्रव झपाट्याने शोषला जातो, बहुतेकांचा एक्स-रे २४ ते ४८ तासांत स्वच्छ होतो. रविवारी पोहलात, रात्री खोकत खोकत घरी गेलात, मंगळवारी फिल्म काढली, ती चांगलीच येणार. पहिल्या काही तासांत काढलेल्या एक्स-रेलाच किंमत आहे. वेळ गेली असेल तर पोहल्यानंतर लगेच लिहिलेला ऑक्सिजनचा आकडा आणि थुंकीचा फोनवर काढलेला फोटो डॉक्टरला जास्त सांगून जातो. किळसवाणं वाटलं तरी काढा.

आपला समुद्र कोमट आहे. मग आपल्याला कसली भीती?

धोका कमी, शून्य नाही. १९९५ मध्ये नोंदल्या गेलेल्या इस्रायली घटनेत पाणी २३ अंश होतं. तीस तरुणांनी २.४ किलोमीटर पोहायचं होतं आणि त्याआधी दोन तासांत प्रत्येकाने सुमारे पाच लिटर पाणी प्यायलं होतं. आठ जणांच्या फुप्फुसात पाणी उतरलं. तिथे थंडीपेक्षा प्यायलेलं पाणी आणि जोर यांचा हात मोठा दिसतो. आपल्याकडे 'डिहायड्रेशन होईल, पी अजून' म्हणत स्टार्टच्या आधी बाटल्या रिचवायला लावतात. तहानेपुरतं प्या. उतरायच्या तोंडावर लिटर-लिटर ढोसू नका.

थंड पाण्याचा प्रश्न इथून बाहेर जाणाऱ्यांना येतो. पुण्याच्या रोहन मोरे यांनी २०१८ मध्ये ओशन्स सेव्हन (जगातले सात अवघड समुद्री टप्पे पोहून जाण्याचं आव्हान) पूर्ण केल्यापासून इंग्लिश खाडीचं स्वप्न बघणारी मुलं-मुली वाढली आहेत. तिथे वेटसूट चालत नाही आणि पाणी बहुधा १५ ते १८ अंश. पात्रतेसाठी सुमारे १६ अंश किंवा त्याहून थंड पाण्यात सहा तास पोहून दाखवावं लागतं. अशा सरावात सोबतच्या माणसाने फक्त थरथर आणि वेळ बघू नये. प्रत्येक फीडला, म्हणजे खाण्यापिण्यासाठी थांबल्यावर, पोहणाऱ्याला एक पूर्ण वाक्य बोलायला लावावं. वाक्य मधेच तुटलं, खोकला आला, तर बोटीत घ्यावं.

घड्याळातला ऑक्सिजन चालेल का?

पोहताना नाही.

वेटसूटमुळे होतं का?

छातीला आवळणारा सूट दोषी धरला जातो, आणि ऊब देतो म्हणून मदतही करतो. मापात बसणारा घ्या. नवा, घट्ट सूट पहिल्यांदा स्पर्धेच्या दिवशी घालू नका.

पाण्यात त्रास सुरू झाला तर?

थांबा. पाठीवर तरंगा, हात वर करा, कयाक किंवा बोट बोलवा. 'किनारा दिसतोय, जमेल' हा हिशोब करू नका, कारण जोर लावाल तेवढा पाझर वाढतो. पाण्याबाहेर येणं हाच पहिला उपचार, कारण छातीकडे रक्त ढकलणारा दाब तिथेच सुटतो. मग सरळ बसा. आडवं पाडू नका, आडवं झालं की दम वाढतो. सूटची चेन उघडा, अंग पुसा, ऊब द्या, ऑक्सिजन लावा. ग्लुकोजचं पाणी पाजायची घाई नको.

वान्सब्रोच्या तंबूत मास्कमधून सतत दाब देणारं सीपॅप मशीन आणि श्वास सोडताना अडथळा देणारं साधं उपकरण, दोन्ही वापरून पाहिली. साधं उपकरणही तितकंच कामाला आलं आणि बहुसंख्य रुग्ण तंबूतूनच घरी गेले. मात्र आकडा ९० च्या खाली असेल, ऑक्सिजन लावूनही चढत नसेल, छातीत दुखत असेल, शुद्ध हरपत असेल किंवा थुंकीत उघड रक्त असेल, तर १०८ ला फोन करून रुग्णालयात न्या.

दम्याचा पंप मारला तर?

साइपमध्ये त्याने पाणी हटत नाही. दम्याचा जुना रुग्ण असेल तर पंप द्यायला हरकत नाही, पण पंप मारला म्हणून परत पाण्यात सोडू नका.

एकदा झालं, पुन्हा होईल का? पोहणं सोडावं?

पुन्हा होऊ शकतं. इस्रायलच्या ७० प्रशिक्षणार्थींच्या २००४ सालच्या नोंदीत पाचातल्या एकाहून जास्त जणांना ते परत झालं, आणि ती तरुण मुलं होती. म्हणून रक्तदाब, ईसीजी आणि टू-डी इको एकदा नीट करून घ्या. लपलेला रक्तदाब किंवा झडपेचा दोष अशा वेळीच हाती लागतो. विल्म्सहर्स्ट यांच्या रुग्णांपैकी काहींना पुढे उच्च रक्तदाब झालेला आढळला. तपासण्या स्वच्छ असतील तर अनेक जण परततात: आधी कोमट पाण्यात, कमी अंतर, हळू वेगाने, किनाऱ्याला समांतर आणि सोबत कुणीतरी असताना. सिल्डेनाफिल हे औषध फुप्फुसाच्या धमनीतला दाब कमी करतं हे प्रयोगात दिसलं आहे, पण मेडिकलमधून आणून स्वतःच घेऊ नये.

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी साइपचं नावच ऐकलं नसेल तर?

नावावर अडून बसू नका. त्यांना पल्मनरी इडीमा माहीत आहे, तो फक्त पोहण्याने होतो हे कदाचित माहीत नसेल. सरळ सांगा: 'पाण्यात पोहताना धाप लागली, पाणी गिळलेलं नाही, बाहेर आल्यावर ऑक्सिजन इतका होता, थुंकी अशी होती. आत्ताच एक्स-रे किंवा छातीची सोनोग्राफी करता येईल का, ईसीजी आणि ट्रोपोनिनही (हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) बघाल का?' आणि सलाइन लावायला घेतलं, तर ते कशासाठी लावताय एवढं नम्रपणे विचारा. फुप्फुसात आधीच द्रव जास्त झालेला असतो.